डोहातली टोबणी

त्या साली पराटी, म्हणजे कपाशी, फुटायच्या आधीच लाल झाली. दसऱ्याला वावरं हिरवीगार होती, यंदा देव पावला असं माणसं एकमेकांना सांगत होती. दिवाळी झाली आणि पानं तांबडी पडून गळायला लागली, बोंडं सुपारीएवढी होऊन थांबली. लाल्या म्हणतात त्याला. कृषी केंद्रवाल्यानं एक औषध दिलं, ते फवारलं; मग दुसरं दिलं, तेही फवारलं. त्यानं बांधातली गांडुळं तेवढी मेली. आता कापूसच नाही तर वेचायला बाया कशाला पाहिजेत? भोईपुऱ्यात त्या साली कोणी बोलवायलाच आलं नाही.

सुखीबाई भोईण दारात बसून तळपायाच्या भेगांत एरंडीचं तेल भरत होती.

"नाई बलावलं तं नाई बलावलं," ती सुनेला म्हणाली. "पराटी काय आपल्या बापाची होती? नदी तं हाय नं."

नदी म्हणजे अडाण. गावाच्या वरच्या अंगाला ती वळण घेते, तिथं मांडीएवढ्या पाण्याखाली रेतीचा लांब पट्टा होता आणि त्या रेतीत शिंपा होत्या. डोळ्याला दिसायच्या नाहीत, पायाला लागायच्या. बाया लुगडं वर खोचून उतरायच्या आणि पाय न उचलता तळवे रेतीतून सरकवत जायच्या. तळव्याला कड लागली की वाकायचं, उपसायचं, कमरेच्या टोपल्यात टाकायचं. आतलं मांस तिखट-मीठ लावून भाकरीसंगं खायचं. टरफलं गोवऱ्यांच्या आरात भाजून चुना करायचा, तो बोरी अरबच्या बाजारात पानवाल्यांना द्यायचा. गावातली माणसं हाच चुना पानाला लावायची आणि करणारांना शिंपखाऊ म्हणायची. ज्या तोंडात चुना, त्याच तोंडात शिवी.

सुखीबाईचं घर चार माणसांचं. नवरा नानाजी जाळं फेकता फेकता खांदा निखळून बसला होता; आता जाळ्याच्या गाठी मारायचा आणि कोणी विचारो न विचारो, सल्ले द्यायचा. मुलगा देवीलाल. त्याची बायको निशिगंधा पुसदकडची, गेल्या उन्हाळ्यात या घरात आलेली. तिच्या माहेरी नळ होता, नदी नव्हती. पाण्यात उतरली की ती एका हातानं सासूचा पदर धरायची.

"तू शिंपा काढाले आली का माह्यासंगं फेरे घ्याले?"

"पाय घसरते, आत्याबाई."

"घसरू दे. खाली पानीच हाय, पडली तं भिजशीन. भिजाले मेकअप केला का तू?"

निशिगंधा हसायची आणि पदर तसाच धरून ठेवायची.

कार्तिक सरता सरता मारोतराव पाटलाचा ट्रॅक्टर नदीत उतरला. मारोतरावाचं वावर वळणाला लागून. त्याची पराटीही लाल झाली होती, पण त्याच्याकडे ट्रॅक्टर होता, आणि यवतमाळात बंगले बांधणं काही थांबलं नव्हतं. बंगल्याला रेती लागते. परवानगी? विचारणाराच कोणी नव्हता, तर ती घ्यायची कोणासाठी? "पराटी नाई पिकली तं नदी पिकली," असं तो चौकात बसून सांगायचा. ऐकणारे हसायचे. त्यांचीही वावरं गेली होती. दुसऱ्याची अक्कल पाहून हसायचं तेवढं शिल्लक होतं.

देवीलाल फावडं घेऊन भरणीला निघाला.

"कोनच्या जागची रेती?" सुखीबाईनं विचारलं.

"वळनावरची. आखीन कुठी हाय रेती?"

"देव्या, थ्या रेतीत आपलं पोट हाय."

"पोटासाठीच तं चाललो, माय. वेचा नाई. बाप बसला. तू शिंपा काढ, मी रेती काढतो. नदी काय लहान हाय?"

"पोट्टा बरोबर बोलून राह्यला," गाठ मारता मारता नानाजी म्हणाला.

"तुमी चूप बसा. तुमाले कोन इचारलं?"

नानाजीनं पुढची गाठ मारायला घेतली. देवीलाल गेलाच.

मग रोज तेच. सकाळी दव असतानाच ट्रॅक्टर पाण्यात. माणसं कमरेपर्यंत ओली, हातापायाची कातडी भिजून पांढरी, सुरकुतलेली. फावड्यासरशी रेती घमेल्यात, घमेलं ट्रॉलीत, रेतीसोबत शिंपाही. काही चाकाखाली फुटायच्या, चावल्यासारखा आवाज यायचा. काही यवतमाळपर्यंत जायच्या आणि कोणा बंगल्यापुढं चाळणीवर उरायच्या. मिस्त्री त्या उचलून फेकायचा. नदीचं पोट असं शहराच्या भिंतीत चिणलं जात होतं आणि ज्याच्या हातून ते जात होतं, तो पोरगा संध्याकाळी घरी येऊन म्हणायचा, माय, पाठ दुखून राह्यली, तेल लाव. सुखीबाई तेल लावायची. शिव्या द्यायची आणि लावायची.

पौषात एक दिवस ती वळणाच्या वरच्या टोकाला उतरली आणि तळव्याला काही लागेना. रेतीही लागेना. खाली उघडा काळा दगड, शेवाळानं बुळबुळीत. पाणी तेवढंच होतं, गार तेवढंच. खालची जमीन तेवढी गेली होती. ती पाय घासत घासत पुढं गेली, मागं आली. अंगण तेच आणि घर कोणी उचलून नेलेलं, तसं तिला झालं. खालच्या टोकाला रेतीची एक शेपटी उरली होती, तिथं शिंपा दाटीनं बसलेल्या. ट्रॅक्टर तिथं यायला फार दिवस नव्हते.

नानाजीनं सल्ला दिला, आणि या वेळी सुखीबाईनं तो ऐकला.

"वावर गेलं म्हून बियानं सोडते का कोनी? उचल आन डोहात नेऊन पेर. डोहात ट्रॅक्टर कायले जाते? तथी रेतीच नाई."

डोह गावाच्या खालच्या अंगाला. खोल, संथ, तळाशी काळा मऊ गाळ. तो गाळ म्हणजे गावाच्या वावरांचीच माती, दर पावसाळ्यात बांध फोडून आलेली. या मातीत काहीही येते, असं सगळ्यांचंच मत. आणि टोबणीत, म्हणजे एकेक बी हातानं मातीत टोचण्यात, सुखीबाईचा हात धरणारी बाई गावात नव्हती. दोरी न लावता ती सरळ ओळीत सरकीचं बी टोबत जायची. मारोतराव मृगात सगळ्यात आधी तिलाच बोलवायचा. तेव्हा शिंपखाऊ म्हणायचा नाही.

तर सासू-सुना शेपटीवरच्या शिंपा टोपल्यांनी वाहायला लागल्या. ज्या जड होत्या त्या सगळ्या घेतल्या, त्यांना म्हणे बेणं. डोहाच्या कडेला, गुडघाभर गाळात उभं राहून सुखीबाईनं एक एक शिंप टोक खाली करून खोल दाबली, वरून गाळ सारून बुजवली, वीतभर अंतर सोडलं, पुढची दाबली. ओळी केल्या. वर पाण्यातून काही दिसत नव्हतं, पण तिला ओळी ठाऊक होत्या. कंबर दुखून आली तरी ती गुणगुणत होती. कापसाच्या वावरात दुसऱ्याचं बी टोबत आयुष्य गेलं. हे पहिलं स्वतःचं.

शेवटच्या खेपेला निशिगंधाचं टोपलं फाटलं. डोहाच्या तोंडाशी मोठी शिळा आहे, तिच्या आडोशाला पुरानं टाकलेली रेतीची जीभ होती, अंगणाएवढीही नाही. सगळ्या शिंपा तिथं सांडल्या.

"सांडलं! माय व माय, सांडलं! इतक्या लांबून आनलं आन सांडलं! तुह्या मायनं हेच शिकवलं का तुले?"

"टोपलं फाटकं होतं, आत्याबाई."

"टोपलं फाटकं होतं, हात तं फाटके नव्हते!"

अंधारून आलं होतं. उचलायचं त्राण दोघींतही नव्हतं. मेल्या तर मेल्या म्हणून दोघी घरी गेल्या.

आठवडा झाला नसेल, डोहातून बुडबुडे यायला लागले. मग वास. गाई-म्हशी पाण्याशी यायच्या, नाक फुरफुरवून मागं फिरायच्या. गुराख्यानं गावात बोंब ठोकली आणि गाव काठावर जमा झालं. मारोतरावही आला, धोतराचा सोगा नाकाला लावून.

"सुखे, डोह नासवला तू."

सुखीबाई त्याच्यापेक्षा वयानं मोठी होती. तो तिला सुखेच म्हणायचा.

"बेनं लावलं होतं, पाटील. शिंपाचं."

"काय लावलं होतं?"

"बेनं. टोबलं."

आधी कोणाला कळेना. कळलं तेव्हा सगळा काठ हसला. हसायला त्या वर्षी गावाला कारणच नव्हतं, ते आता मिळालं. "खत टाकलं नाई का वं?" कोणी विचारलं. "निंदन-डवरन कदी करतं?" दुसऱ्यानं विचारलं. मग मारोतराव म्हणाला, "काढ. सगळ्या काढ. ढोरं तहानले हायेत."

सगळ्या गावासमोर ती गाळात उतरली. तिला ओळी ठाऊक होत्या, म्हणून शोधावं लागलं नाही. ओळीनं टोबलं होतं, ओळीनं उपसलं. एक एक शिंप वासून पडलेली, आत काळं पाणी. हात घातला की मांस बोटांवरून घसरायचं. टोपलं भरलं की काठावर ओतायचं, पुन्हा उतरायचं. नानाजी घरातून बाहेर आला नाही. देवीलाल तिकडं वळणावर रेती भरत होता. ज्यानं आख्खी नदी खरवडून विकली, तो काठावर उभा राहून नासवल्याचं पाप एका बाईच्या नावावर मांडत होता. आणि गावात एक मायचा लाल असा निघाला नाही, की ज्यानं हे त्याच्या तोंडावर म्हणावं.

सुखीबाई रडली नाही. दात आवळून उपसत राहिली. अपमानाचं तिला फार नव्हतं, तो रोजचा होता. हात चुकला याचं होतं. या हातानं टोबलेलं कधी वाया गेलं नव्हतं.

लोक पांगले. निशिगंधा हात धुवायला म्हणून शिळेच्या आडोशाला गेली, कारण तिथलं पाणी बरं होतं. आणि तिथूनच ओरडली.

"आत्याबाई! इकडं या!"

"आता काय सांडलं?"

"काई नाई सांडलं. तुमी या तं."

सुखीबाई गेली. रेतीच्या जिभेवर सांडलेली एकही शिंप दिसत नव्हती. पाण्यानं नेल्या असतील म्हणून तिनं सवयीनं तळवा सरकवला. कड लागली. दुसरी लागली. खाली वाकून उपसली: गच्च मिटलेली, जड, जिवंत. कोणी दाबली नव्हती, बुजवली नव्हती. आपलं आपण रेतीत शिरून, तोंड तेवढं वर काढून बसल्या होत्या.

तिनं ती शिंप तळहातावर फिरवली, मग गाळाकडे पाहिलं. पाणी एकच. इथलं आणि तिथलं मिळून चार पावलांचं अंतर नाही. शिंपाही एकाच जागच्या, एकाच दिवशी आणलेल्या. मग फरक तो खालच्या जमिनीचा. रेतीत फटी असतात, त्यांतून पाणी फिरतं. गाळ म्हणजे उशी तोंडावर दाबल्यासारखा. बी अंधारात गाडलं तर उगवतं, म्हणून जितं जनावर गाडलं! जन्मभर शिंपा काढल्या, पण त्या कशावर बसतात हे पायानं विचारलं नाही. पाय शिंप शोधायचे. शिंप सापडली की खालची रेती कोणाच्या खिजगणतीत?

"बी काई नाई, पोरी," ती म्हणाली. "जे हाय थे बिछान्यात हाय."

सुनेचं चुकून बरोबर आलं, हे तिनं तोंडानं कबूल केलं नाही. संध्याकाळी ताटं वाढताना मात्र पहिली भाकर निशिगंधाच्या ताटात टाकली. नानाजी पाहतच राहिला.

देवीलाल जेवायला बसला तेव्हा त्याला सगळं कळलेलं होतं. हसण्यासकट. तो खाली पाहून घास मोडत होता.

"उद्यापासून नाई जात मी भरनीले," तो म्हणाला.

"तू नाई गेला तं दुसरा जाईन," सुखीबाई म्हणाली. "रेती थांबत नाई."

"मंग काय करू?"

निशिगंधा भाकरी थापता थापता चुलीकडे पाहूनच बोलली, "मजुरी रेतीत घ्या नं."

"काय?"

"बाकीचे पैसे घेतात. तुमी रेती घ्या. शिळंच्या आडोशाले टाकू."

देवीलाल हसला. मग थांबला. मग आईकडे पाहिलं. ती हसत नव्हती.

मजुरीत रेती मागितल्यावर मारोतराव मात्र पोट धरून हसला. "घर बांधून राह्यला का बे, देव्या?"

"हाव, भाऊ."

"कोनासाठी? भोईपुऱ्यात सिमेंटचं घर?"

"लहानच हाय, भाऊ. जिमीन तेवढी करतो."

"ने लेका. आपलं काय जाते."

ट्रॉली डोहाच्या उतारावर आली आणि मागं कलली, तेव्हा गावाला दुसऱ्यांदा हसायला मिळालं. नदीची रेती मजुरी म्हणून घ्यायची आणि नदीतच ओतायची! भोयाचं डोकं, म्हणाले. आणि खरंही होतं. आठवडाभर जो हात वर नदी खरवडत होता, तोच खाली ती भरत होता. पण ज्यांना पोट असतं आणि ट्रॅक्टर नसतो, त्यांना नदी अशीच राखता येते.

नानाजी निखळलेला खांदा सावरत काठावर येऊन बसला. "तथी नोको, धार हाय. शिळंच्या मांगं. पुराचा जोर शिळा खाते, मांगं रेती राह्यते. आखीन मांगं. अरे, मी मेलो का, मले इचाराले काय होते!" त्याचा तो सल्ला जन्मात पहिल्यांदा सगळ्यांनी पाळला. देवीलाल घमेल्यानं लोटायचा, सासू-सुना पायांनी पसरायच्या. अंगणाएवढीही नव्हती ती जीभ दोन अंगणांएवढी लांब वाढली. वळणावरच्या शेपटीत उरल्यासुरल्या शिंपा होत्या, त्या आणून सुखीबाईनं या वेळी नुसत्या वर ठेवल्या. टोक खाली नाही, ओळ नाही. तुमचं तुम्ही पाहा, म्हणाली.

निशिगंधानं आता सासूचा पदर सोडला होता.

माघ गेला, फाल्गुन गेला. वळणावर दगडाशिवाय काही उरलं नाही. भोईपुऱ्यातल्या बाकीच्या बायांनी टोपली खुंटीला टांगली आणि वीटभट्टीचा रस्ता धरला. सुखीबाईनं शिळेमागच्या एकाही शिंपेला हात लावला नाही. घरात कण्या शिजल्या, अंबाडीची भाजी शिजली. शिंप शिजली नाही. चुनाही नाही. बोरीच्या पानवाल्यांनी दुसरीकडून डबे आणले. नानाजी म्हणाला, एक दिवस खाऊन पाहू. तिनं त्याच्याकडे असं पाहिलं की त्यानं पुन्हा शिंपेचं नाव काढलं नाही.

वैशाखात, पावसाळा तोंडावर आला म्हणून शहरातल्या बांधकामांना घाई सुटली. नदीत रेती नव्हती. आणि एका सकाळी मारोतरावाचा ट्रॅक्टर डोहाच्या उतारावर येऊन थांबला. ट्रॉलीत देवीलाल आणि आणखी दोघं, फावडी घेऊन. सुखीबाई काठावर भांडी घासत होती. तिचा हात थांबला.

"देव्या," मारोतराव म्हणाला, "उतर. शिळंमांगं रेती किती खोल हाय, पाहून ये. वर तं साजरी दिसून राह्यली."

देवीलालनं आईकडे पाहिलं नाही. तो उतरला. ती काही बोलली नाही. बोलली असती तर पाटलाला तिथं काय आहे ते कळलं असतं. तो मांडीभर पाण्यात गेला आणि फावडं काठावरच ठेवून, पाय न उचलता, बायांसारखा तळवे सरकवत चालायला लागला. लहानपणी तिनंच शिकवलं होतं. मध्ये एकदा थांबला. पुढं गेला. पुन्हा थांबला, जरा जास्त वेळ. मग परत फिरला.

"खाली गाळ-गारा हाय, भाऊ," तो बाहेर येत म्हणाला. "वरतून तेवढी रेती. ट्रॅक्टर फसन."

मारोतरावानं त्याच्या पायांकडे पाहिलं. पोटऱ्यांना गाळाचा ठिपका नव्हता. स्वच्छ, चमचमणारी रेती चिकटली होती.

"गाऱ्यातून आला नं तू?"

देवीलालनं एक पाय दुसऱ्या पोटरीवर घासला.

"सुखे, तुह्या पोरानं मले सांगतलं, घर बांधतो म्हून. हे घर हाय व्हय तुमचं? भरा रे!"

ट्रॉलीतली दोघं एकमेकांकडे पाहायला लागली. सुखीबाई उठली. हाताची राख लुगड्याला पुसली.

"थे रेती माह्या पोराची मजुरी हाय, पाटील. मजुराच्या ताटातली भाकर उचलता का तुमी?"

"नदीत टाकली नं? नदीतली रेती सरकारची असते."

"मंग बलावा सरकारले," ती म्हणाली. "आत्ताच बलावा. इथी माही रेती पाहीन आन वर वळनावर तुमची. बलावा. मी बसतो इथी."

आणि ती बसली. घासलेल्या भांड्यांत, उन्हात, पाय पसरून. मारोतरावानं वर वळणाकडे पाहिलं. ट्रॉलीतल्या एकाला खोकला आला. तो खोकला नव्हता.

"चला रे," मारोतराव म्हणाला. आणि देवीलालकडे न पाहता, "तू उद्यापासून येऊ नोको. टोबनीच्या टायमाले तुही मायही नोको."

ट्रॅक्टर उतार चढून गेला. धुराचा वास राहिला. सरकीच्या टोबणीचं काम गेलं, भरणीचं गेलं, मृग तोंडावर. घरात खाणारी चार तोंडं. सुखीबाईला हे सगळं कळत होतं. देवीलाल तिच्याजवळ येऊन उकिडवा बसला.

"तथी दुसऱ्यांदा काहून थांबला तू?" तिनं विचारलं.

"लागली."

"त्यात काय. आपनच टाकल्या."

"हे आपन टाकलेली नाई, माय. बारकी होती. नखाएवढी. बोटाच्या मधात आली."

आपण तर जड जड तेवढ्या वेचून आणल्या होत्या. बारकी एकही नव्हती. ती ट्रॉलीतल्या रेतीतून आली का इथंच झाली, कोणाला माहीत. आली कुठूनही, राहिली इथं.

"दाखव."

"सोडली," देवीलाल म्हणाला.

तिनं एक परात उचलून त्याच्या हातात दिली, आणि दुसरी घासायला घेतली.